काखेतला फोटो

लग्न-नोंदणी कार्यालयाच्या जिन्याखाली एक बाई फोटो काढायची. तिच्या टेबलावर पाटी होती, ‘झटपट फोटो’. आणि तोंडात अखंड एकच शब्द, ‘थांबा’. कॅमेऱ्याच्या फटीतून पांढऱ्या काठाचा चौकोनी कागद बाहेर आला रे आला की नवरा, नवरी, साक्षीदार, सगळेच एकदम हात पुढे करायचे आणि ही म्हणायची, थांबा. कुणी तो कागद वाळत घातल्यासारखा हलवायला लागलं की थांबा. कुणी नखानं टोकरून आत काही दिसतंय का बघायला लागलं की थांबा, खपली काढताय का. तेव्हा कार्यालयाच्या शिपायानं तिचं नाव थांबाबाई ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की तिची सूनसुद्धा मैत्रिणींशी बोलताना तेच नाव घ्यायची.

त्याआधी बरीच वर्षं ती कुणालाच दिसत नव्हती, कारण ती पडद्यामागे असायची. तिच्या नवऱ्याचा स्टुडिओ होता. तो पुढे दिवे लावायचा, माणसांच्या हनुवट्या वर-खाली करायचा, बटण दाबायचा. ही मागच्या खोलीत उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, डोळ्याला भिंग लावून, बारीक पात्यानं आणि पेन्सिलीनं लोकांचे चेहरे दुरुस्त करायची. तीळ काढ, सुरकुती भर, नाक थोडं तासून दे, मुलगी एक छटा उजळ कर. हात इतका सफाईदार की केलेलं काम कुणाला कळायचं नाही. ते कळू नये हेच तर काम होतं. पण कॅमेऱ्याला हात लावायची तिला मुभा नव्हती. तशी मनाई कुणी केली नव्हती, पण विषयच निघायचा नाही.

एकदा गालावर भाजल्याचा मोठा डाग असलेली एक बाई फोटो काढून गेली. डाग पूर्ण काढा, असं तिच्या सासरच्यांनी बजावलं होतं. हिनं जीव ओतून काढला. फोटो न्यायला ती बाई स्वतः आली, बराच वेळ बघत राहिली आणि अगदी साधेपणानं तिनं विचारलं, “ही कोण?” तो प्रश्न हिच्या मनात अडकून बसला तो बसलाच. रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, काम चोख झालं म्हणायचं.

पुढे हातोहाती कॅमेऱ्याचे फोन आले आणि स्टुडिओला उतरती कळा लागली. त्यातच नवऱ्याच्या हातांना कंप सुटला. दिवे गेले, पडदे गेले, मोठे कॅमेरे गेले. मागे राहिला फक्त एक झटपट फोटोचा कॅमेरा. कधीतरी एक विक्रेता तो नमुना म्हणून ठेवून गेला होता आणि नवऱ्यानं त्याला कधी हात लावला नव्हता. ज्याची निगेटिव्ह नाही तो फोटोच नव्हे, असं त्याचं ठाम मत. ते काय, नुसता धूर, असं तो म्हणायचा. भंगारवाल्यानंही तो घेतला नाही. रिकाम्या स्टुडिओत शेवटचं स्टूल राहिलं होतं, त्यावर नवरा बसला होता. हिनं कॅमेरा उचलला, सोबत आलेलं फिल्मचं पाकीट आत सरकवलं आणि न विचारता त्याचा फोटो काढला.

कागद बाहेर आला. दोघं बघत बसले. आधी काळं उगवलं, केस, भुवया, कोटाची बाही. मग बाकीचा माणूस. डोळ्यांखालच्या पिशव्या, ओघळलेला गाल, सगळं जसंच्या तसं. नवऱ्यानं तोंड वाकडं केलं आणि सवयीनं म्हणाला, “पिशव्या तेवढ्या काढून टाक.”

“कुठून काढू? याला निगेटिव्ह नाही, मागची बाजूच नाही,” ती म्हणाली.

हे वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं की त्या रात्री तिला झोप आली नाही. आठवड्याच्या आत ती नोंदणी कार्यालयाच्या साहेबांसमोर उभी होती. साहेबांनी जिन्याखालची जागा तोंडी देऊन टाकली. तिथं एरवी तुटक्या खुर्च्या आणि पोछा ठेवत.

धंदा सोपा असेल असं तिला वाटलं होतं. बटण दाबलं, कागद आला, संपलं. प्रत्यक्षात त्या कॅमेऱ्यानं तिला नाकी नऊ आणले. पाकिटात फोटो आठच, त्यातला पहिला सराव म्हणून वाया घालवायची सोय नाही. उन्हाळ्यात माणसं कावीळ झाल्यासारखी पिवळी निघत, हिवाळ्यात पाण्यातून काढल्यासारखी निळी. कागदाच्या पोटात मलमासारखं रसायन असतं आणि बाहेर पडताना दोन रुळांमधून ते पसरतं. त्या रुळांवर कणभर घाण राहिली की प्रत्येक फोटोत त्याच जागी तोच ठिपका, मग तो नवरीच्या कपाळावर असो की सासऱ्याच्या नाकावर. ती दिवसातून कितीदा तरी ओल्या फडक्यानं रूळ पुसायची. बिघडलेला फोटो गिऱ्हाइकाला कधी द्यायची नाही. लोक म्हणत, असू दे, चालेल. ती म्हणे, तुम्हाला चालेल, मला नाही, उभे राहा पुन्हा. जवळ सरका, त्यांच्या खांद्यावर हात ठेवा, ठेवा हो, आता कायद्यानं हक्क आहे तुमचा.

मग कंपनीनं फिल्म बनवायचीच बंद केली. तिनं जुना, मुदत संपलेला माल शोधायला सुरुवात केली. कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानाचा, कुणाच्या तळघरातला. या कॅमेऱ्याची बॅटरी फिल्मच्या पाकिटातच असते. अनेकदा पाकीट घातलं की कॅमेरा मेल्यासारखा गप्प. मुलानं तिला चांगला फोन आणून दिला. आई, याच्यावर काढ, छोटं छपाई यंत्र घेऊन देतो, डोक्याला ताप नाही. जाऊबाईंनी तर सरळ सांगितलं की या वयात जिन्याखाली बसणं शोभत नाही. तिनं फोन घेतला, त्यावर बहिणीशी गप्पा मारल्या आणि फोटो होते तसेच काढत राहिली. ऐकेल तर शपथ.

कारण एक गोष्ट तिला कुणाला समजावून सांगता येत नव्हती. त्या कार्यालयात अशी लग्नं यायची जिथं दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी असत. फोटो काढला की तो टेबलावर पालथा ठेवून ती वाट बघायला लावायची, मग सुलटा करायची. आणि एकमेकांशी न बोलणारी ती माणसं त्या एवढ्याशा चौकोनावर डोकं घालून उभी राहायची. आलं का नाक, आलं. हा कोण, हा तुमचा मामा. तेवढ्यात कुणाची तरी डोकी एकमेकांवर आपटायची आणि कुणीतरी हसायचं. त्या हसण्यासाठी ती वाया गेलेली पाकिटंच्या पाकिटं माफ करायची.

एका कडक हिवाळ्यात एक परिचारिका आणि एक पाव भाजणारा मुलगा लग्नाला आले. ती रात्रपाळी करून थेट आली होती. त्याच्या भुवयांत पीठ तसंच होतं. साक्षीदार म्हणून तिची एक मैत्रीण आणि बेकरीचा गाडीवाला. मुलीचे वडील बांधकामाचे कंत्राटदार. या लग्नाची कुणकुण लागताच त्यांनी तिचा फोन काढून घेतला होता. मुलानं आपला फोन मुद्दाम घरी ठेवलेला, कुणी माग काढू नये म्हणून. सह्या झाल्या. जिना उतरताना मुलगी म्हणाली, निदान एक फोटो असू दे.

थांबाबाईंनी दोघांना उभं केलं. नेमकं बटण दाबताना मुलाला आपल्याच पिठामुळे शिंक आली आणि मुलगी खदखदून हसली. कागद बाहेर आला तसा बाईंनी कोटाची बटणं काढून तो काखेत धरला. थंडीत फोटोला अंगाची ऊब द्यावी लागते. तेवढ्यात मैत्रीण धावत आली. वडिलांची गाडी दारात लागली होती. फोटोसाठी थांबायला वेळ नव्हता. “तुमच्याजवळ ठेवा, मी येईन,” एवढं म्हणून मुलगी मागच्या दारानं पळाली, नवरा पाठोपाठ, आणि बेकरीची गाडी पावांसकट निघून गेली.

कंत्राटदार मुकादमाला घेऊन आत आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. साहेबांची आणि त्यांची ओळख होती, पण झालेल्या सह्या पुसणं साहेबांच्याही हातात नव्हतं. कंत्राटदार क्षणभर जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मग त्यांच्या मनात हिशेब सुरू झाला असावा. लोकांना सांगता येईल की मुलीला दूरच्या इस्पितळात नोकरी लागली. वर्ष-दोन वर्षं निभावून नेता येईल. तेवढ्यात शिपाई बोलून गेला की फोटो निघालाय.

“फोटो कुठंय?” त्यांनी विचारलं.

“तयार होतोय,” थांबाबाई म्हणाल्या.

“माझ्याकडे द्या.”

“तो तुमचा नाही.”

त्यांनी मुकादमाला खूण केली. मुकादमानं टेबलाचा खण उपसला, पिशवी पालथी केली, कॅमेऱ्याच्या तोंडात डोकावून पाहिलं, तुटक्या खुर्च्यांच्या खालीसुद्धा वाकला. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आजवर कुणी इतकी शब्दशः जगलं नसेल. शिपायाला ते कळलं होतं, त्याचे गाल हसू दाबून फुगले होते. शेवटी कंत्राटदारांच्या लक्षात आलं की ही बाई डावा हात अंगाशी घट्ट धरून बसली आहे.

“हात वर करा,” ते म्हणाले.

जिन्यात एव्हाना माणसं जमली होती. दोन नवऱ्या, त्यांचे नातेवाईक, वरच्या मजल्यावरच्या कारकून बायका. थांबाबाई उठल्या.

“फोटो माझ्या काखेत आहे. तिथं माझ्या नवऱ्यानंसुद्धा मला विचारल्याशिवाय कधी हात घातलेला नाही. तुम्हाला घालायचा असेल तर घाला. हे सगळे बघताहेत.”

वरच्या मजल्यावरून एक कारकून बाई फिसकन हसली. कंत्राटदारांचे कान लाल झाले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग कंत्राटदार निघून गेले. मुकादम मात्र फाटकाशी उभा राहिला. म्हणून बाई कार्यालय बंद होईपर्यंत तशाच बसल्या, एका हातानं बाकीच्यांचे फोटो काढत. घरी पोचल्या तेव्हा हात लाकडासारखा झाला होता. नवऱ्यानं तो धरून अलगद वर केला आणि फोटो बाहेर काढला.

ऊब जरा जास्तच झाली होती. फोटो शेकल्यासारखा तांबूस आला होता. एका कोपऱ्यात रसायन पोचलंच नव्हतं, त्यामुळे मुलाचा खांदा गायब. मुलाचे डोळे मिटलेले, तोंड शिंकेनं वाकडं. मुलगी मात्र मान मागे टाकून हसत होती, आणि पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला स्वच्छ दिसत होता. नवऱ्यानं फोटो दिव्याखाली धरून सगळ्या चुका एकेक करून सांगितल्या. मग भिंतीला टेकवून ठेवला आणि जेवताना तीनदा त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचं टेबल कार्यालयाच्या फाटकाबाहेर ठेवलेलं होतं. आवारात खासगी धंद्याला परवानगी नाही, असं साहेबांनी सांगितलं, आणि आत फोटोचं स्वयंचलित यंत्र बसणार असल्याचंही. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, तो एक फोटो देऊन टाका, जागा कुठं जात नाही तुमची. बाईंनी टेबलाचं एक टोक उचललं, शिपायानं दुसरं, आणि दोघांनी ते रस्ता ओलांडून समोरच्या पदपथावर नेलं. शिपाई परत जाताना म्हणाला, तुमच्या काखेला सलाम.

घरात सगळे तुटून पडले. ती मुलगी तुझी कोण, ना नात्याची ना गोत्याची. मुलगा म्हणाला, एका फोटोसाठी बसायची जागा घालवलीस. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की आयुष्यभर लोकांचे चेहरे दुसऱ्यांच्या सांगण्यावरून पुसले, आता एकही पुसणार नाही.

बोलणं सोपं होतं, पदपथ अवघड. बाहेर पडल्या पडल्या फोटोवर ऊन पडलं की तो पांढरा होई. वारा सुटला की धूळ रुळांवर. एका सकाळी आख्खं पाकीट वाया गेलं. एक जोडपं पुन्हा पुन्हा हसून दमलं, शेवटी कंटाळून निघून गेलं. बाई रडल्या नाहीत, पण त्यांनी पाकिटाला दिलेल्या शिव्या ऐकून शेजारचा चप्पल शिवणारा म्हणाला की हे शब्द त्याच्या वडिलांनंतर आजच कानावर आले.

त्याच दुपारी नवरा आला. बगलेत एक गुंडाळी. स्टुडिओच्या काळोख्या खोलीचा काळा पडदा त्यानं विकला नव्हता. त्यातला एक तुकडा कापून त्यानं कॅमेऱ्याच्या तोंडावर असा बसवला की कागद थेट कापडाखालीच बाहेर यावा. हात थरथरत होते, टाका वाकडा पडत होता, तरी सुई कुणाच्या हातात दिली नाही.

“तुम्ही तर धूर म्हणायचात,” ती म्हणाली.

“अजून म्हणतो. पण धूर काढायचाच तर नीट काढावा,” तो म्हणाला.

तेव्हापासून तो रोज येऊन बसायला लागला. गिऱ्हाइकांच्या हनुवट्या वर-खाली करायचा, ती करू द्यायची नाही. दोघांची जुंपली की लोक बघायला थांबायचे आणि बघता बघता फोटो काढून घ्यायचे.

थंडी ओसरत आली तेव्हा एक दिवस कंत्राटदार रस्ता ओलांडून आले, एकटेच. बरेच बारीक झाले होते. तो फोटो आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे, बाई म्हणाल्या. कोटाच्या आतल्या खिशात, जाड पुठ्ठ्यात घालून तो त्या रोज घेऊन यायच्या. हातात देणार नाही, बघायचा तर इथं उभं राहून बघा, असं सांगून बाईंनी दोन्ही हातांनी तो कंत्राटदारांसमोर धरला.

कंत्राटदार वाकले. खिशातून चष्मा काढून पुन्हा वाकले. मागून हातगाडीवाला ओरडत होता, तरी हलले नाहीत.

“मी तिला नेहमी सांगायचो,” शेवटी ते म्हणाले, “फोटोत तोंड मिटून ठेव. दात दिसतो.”

थांबाबाईंना त्यांची दया आली, पण ती त्यांनी शब्दांत उतरू दिली नाही. “आता ती ऐकत नाही. बरंच झालं म्हणायचं,” त्या म्हणाल्या.

याची दुसरी प्रत निघेल का, असं कंत्राटदारांनी विचारलं. निघत नाही, नवऱ्यानं सांगितलं, आणि यावेळी ते सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. कंत्राटदारांनी चष्मा खिशात ठेवला आणि ते गेले.

मुलगी आली ती उन्हं तापायला लागल्यावर, कामाची पाळी संपवून, इस्पितळाच्या कपड्यांतच. इतके दिवस आली नाही कारण या रस्त्यानं यायचं धाडस होत नव्हतं, असं तिनं सरळ कबूल केलं. फोटो बघून ती आधी हिरमुसली. त्याचा खांदा कुठं गेला, आणि हे काय तोंड. मग शिंक आठवली आणि हसायला लागली ती थांबेच ना. हसणं ओसरल्यावर तिनं विचारलं, बाबा आले होते का. बाईंनी काही झाकलं नाही, काही गोडही केलं नाही. तोंड मिटण्याचं त्यांचं वाक्य होतं तसं सांगितलं.

मुलीनं केसांची क्लिप काढून पुन्हा लावली आणि कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“माझा एकटीचा काढा. परत आले तर त्यांना द्या. पण मी तोंड मिटणार नाही.”

नवरा हनुवटी नीट करायला उठला होता, बाईंनी त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं. त्या दिवशी फिल्मनं दगा दिला नाही. मुलगी पुढे झुकून थेट बघत होती, आणि तो दात सगळ्यांत पुढे. कंत्राटदार महिन्याभरानं आले, त्या फोटोचा लिफाफा घेतला, उघडून पाहिला आणि छातीच्या खिशात ठेवून आले तसे गेले. पुढे बापलेकीत काय झालं ते बाईंना कळलं नाही आणि त्यांनी विचारायला माणसं धाडली नाहीत.

कार्यालयात यंत्र बसलं. चांगलं चालतं. अर्धे लोक त्यातून फोटो काढून निघून जातात, अर्धे रस्ता ओलांडून पदपथावर येतात. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांनी जिन्याखालची जागा पुन्हा देऊ केली, पण बाईंनी इथं चप्पल शिवणाऱ्याची सोबत आहे म्हणून नको म्हटलं. जुनी फिल्म आता कुठंच मिळत नाही. परदेशात काही हौशी लोकांनी ती नव्यानं बनवायला घेतली आहे, आणि ती जुनीपेक्षा लहरी आहे. बाई बिघडलेले फोटो साठवतात आणि दर काही दिवसांनी ते परत पाठवतात, सोबत पत्र. पत्र मुलाला त्या लोकांच्या भाषेत लिहावं लागतं. तो भाषा मवाळ करायला बघतो आणि ती त्याला करू देत नाही.

परवाच ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहून सांगत होती. लिही, तुमच्या फिल्मनं एका नवरीचा आख्खा हात खाल्ला. लिही, रंग कसे असतात ते तुमच्यापैकी कुणी उजेडात बघितलंय का. आई, एवढं कडक नको, तो म्हणाला. मग खाली लिही, ती म्हणाली, की हिरवा मात्र यावेळी चांगला जमलाय, आणि पुढची दहा पाकिटं लवकर पाठवा.